पोटरी आवळते? आधी विजेचे खांब मोजा

सोलापूरच्या पूर्व भागात मी ३५ वर्षं यंत्रमाग चालवला, आणि त्याहून जास्त वर्षं बिडी ओढली. साठीनंतर चालताना उजवी पोटरी आवळायला लागली. थांबलो की दोन-तीन मिनिटांत मोकळी. सहा महिने कंबरेला पट्टा बांधून फिरलो, फुकट. कंबरेतली शीर दबली असेल तर बहुतेकांना बसल्यावर, वाकल्यावर बरं वाटतं. मला नुसतं उभं राहिलं तरी भागायचं. माझं दुखणं कंबरेचं नव्हतं, पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा होता. हा फरक ओळखा.

सिद्धेश्वर तलावाच्या वाटेवर कितव्या खांबाला थांबलो ते रोज लिहायचो. डॉक्टरांनी तोच कागद आधी मागितला. मग घोट्याचा बीपी भागिले दंडाचा बीपी. ०.९ च्या खाली म्हणजे रक्त अडतंय. माझा ०.६. जुनी शुगर असेल तर रक्तवाहिन्या कडक होऊन हा आकडा उगाच चांगला येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. पुढे डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. सीटी अँजिओग्राफी म्हणजे डाय (रंगद्रव्य) टोचून रक्तवाहिन्यांचा स्कॅन; त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी करा, डायचा ताण किडनीवर येतो.

नुसतं चालतानाच दुखत असेल तर फुग्याची (अँजिओप्लास्टीची) घाई नको. बिडी बंद, रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी, आणि चालणं: दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, तीन महिने. मी चार खांबांवरून अकरावर गेलो.

तेवढ्यावर राहिलो असतो, पण सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत अनवाणी फिरलो. अंगठ्याला खरचटलं, ते भरेचना. रात्री पाय खाटेखाली सोडल्याशिवाय झोप नाही. इथे मात्र दिवस घालवू नका, पाय जातो.

अँजिओप्लास्टीत जांघेतून बारीक तार घालतात, फणीतून ताणा ओवावा तशी. तार पलीकडे गेली की तिच्यावरून फुगा, लागला तर स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी. मी जागाच होतो. १९६४ साली अमेरिकेत डॉटर नावाच्या डॉक्टरांनी आतून वाट मोकळी करायची ही युक्ती, तेव्हा फुग्याशिवाय, पहिल्यांदा केली ती ८२ वर्षांच्या बाईवर. पाय कापायला ती तयारच नव्हती. म्हणून कुणी ‘पाय काढा’ म्हटलं तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवल्याशिवाय सही करू नका.

माझी फुग्याने उघडलेली वाट आठ महिन्यांत बंद पडली. चोरून बिडी चालू होती, दोष कुणाला देऊ? अडथळा लांबलचक होता, मग बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट. मांडीतली आपलीच रक्ताची शीर काढून उलटी जोडतात, कारण तिच्यातले पडदे रक्ताला खाली जाऊ देत नाहीत. आठवडाभर दवाखाना, टाक्यांचं दुखणं वेगळंच. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते भरती होण्याआधी विचारा.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर शेकू नका, चोळू नका. हाताशी फार तर सहा तास असतात; रिक्षा करा आणि निघा.