संत्र्याच्या नव्या कलमांचा पहिला हिवाळा

यंदाच्या पावसाळ्यात लावलेली संत्र्याची कलमं आता कुठे जीव धरताहेत. विदर्भात वरूड-मोर्शी असो की काटोल-नरखेड, या कलमांना पहिला हिवाळाच जड जातो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एवढी थंडी दरवर्षी पडत नाही, पण कोवळा शेंडा करपायला तशा दोन रात्रीही पुरतात.

आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि दिवे लागणीपासूनच गारठा, ती रात्र धोक्याची. थंड हवा नाल्याकडच्या खोलगट भागात साचते. म्हणून सगळं वावर झाकत बसू नका, आधी तिथल्या ओळी धरा.

अशा रात्री हलकं ओलित द्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन ऊब धरते. पंपाला रात्री मिळणाऱ्या लाईनला, म्हणजे विजेला, एरवी आपण शिव्या घालतो, इथे तीच कामी येते. पण भारी काळ्या जमिनीत आळं तुडुंब भरू नका. साधारण १३ अंशांखाली संत्र्याची वाढ जवळजवळ थांबते, झाड पाणी कमी उचलतं आणि साचलेल्या ओलीत मूळकूज आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येतो. दुहेरी आळं, म्हणजे खोडाभोवती आत एक आणि बाहेर एक वरंबा, केलं की पाणी खोडाला लागत नाही.

आडोशाला तुराट्या किंवा कडबा तीन बाजूंनी उभा करा, सकाळच्या उन्हासाठी आग्नेयेची बाजू मोकळी ठेवा. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मात्र नको, त्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. प्लॅस्टिक वापरलंच तर पानांना टेकू देऊ नका, आणि ऊन वर आलं की काढा. आळ्यात काडीकचरा अंथरताना खोडापासून वीतभर जागा सोडा, नाहीतर वाळवी लागते. कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ नये.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पहाटे धूर करतात. वारा नसेल तर थोडाफार उपयोग होतो. माझी भिस्त त्यापेक्षा ओलितावर. वाळल्या गवताजवळ तर पेटवूच नका.

झाड पिवळं दिसलं म्हणून युरिया टाकायची घाई होते. टाकू नका, त्याने फुटलेली कोवळी नवती पुढच्याच थंडीत जाते. करपलेल्या फांद्याही लगेच छाटू नका. आंबिया बहाराच्या वेळी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, नवती फुटली की कुठवर जीव आहे ते दिसतं, तिथूनच कापा. जोडाखालून निघालेला जंभेरीचा, म्हणजे कलम ज्यावर बांधलं त्या खुंटाचा, फुटवा मात्र दिसताक्षणी खुडा.