बंडी दिसली म्हंजे भेटली का? : कर्नल शिकणाऱ्या नव्या पोरांसाठी

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरणाऱ्याला सी येते, पॉइंटर कळतो, मोकळी केलेली मेमरी परत वापरू नये हेही ठाऊक आहे, असं धरूनच लिहितो. एकाच थ्रेडमधला असा वापर, म्हणजे यूज-आफ्टर-फ्री, आज ना उद्या सापडतोच. जीव खातो तो दोन थ्रेडमधला. एकजण ऑब्जेक्ट वापरत असतो आणि तेवढ्यात दुसरा तो मोकळा करून जातो. आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी, कापसाच्या ढिगाशेजारी बसून, अशा एका चुकीपायी माझे अडीच महिने गेले.

सरावासाठी छोटा ड्रायव्हर लिहीत होतो. प्रत्येक बफरला एक ऑब्जेक्ट, सगळे एका लिस्टमध्ये, प्रत्येकाला रेफरन्स काउंट. वापरायला घेतला की काउंट वाढवायचा, सोडला की कमी करायचा, शून्य झाला की केफ्री, म्हणजे कर्नलमधलं फ्री. काउंटर ॲटॉमिक, म्हणजे वाढवता-कमी करताना मध्ये कोणी घुसू शकत नाही असा; लिस्टला स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. आता कुठून बिघडणार, असं मला वाटायचं.

बिघडलं ते एका ओळीच्या फटीत. मी लॉक घेऊन लिस्टमध्ये ऑब्जेक्ट शोधत होतो, सापडला की लॉक सोडत होतो आणि त्यानंतरच्या ओळीत काउंट वाढवत होतो. त्या दोन ओळींच्या मध्ये दुसऱ्या सीपीयूवरचा थ्रेड आपला शेवटचा रेफरन्स सोडतो, काउंट शून्य होतो, ऑब्जेक्ट लिस्टमधून निघतो, केफ्री होते. माझ्या हातात पॉइंटर तोच, पण त्याच्यामागची जागा आता माझी नाही. स्लॅब ॲलोकेटर, म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा भाग, नुकतीच मोकळी झालेली जागा बहुतेक वेळा त्याच मापाच्या पुढच्या मागणीला देऊन टाकतो. म्हणजे मी ज्याचा काउंट वाढवतोय ते भलत्याच कोणाचं तरी असतं. हल्ला करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या पूजेच्या, दिवसांत. कापूस आणायला काकाची बंडी, म्हणजे बैलगाडी, हवी होती. चुलतभावानं ती अंगणात उभी पाहिली, तो बैल आणायला घरी गेला आणि परत येतो तर बंडी दुसराच कोणी घेऊन गेलेला. बाबा त्याला म्हणाले, "बंडी दिसली म्हंजे भेटली का? अगुदर काकाले सांगून ठेव, मंग बैल आनाले जाय." मी तसाच उठून लॅपटॉप उघडला. शोधणं आणि धरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मी त्यांच्यामध्ये फट ठेवली होती.

म्हणून हे नीट बसवून घ्या: ज्याच्याकडे आधीच एक रेफरन्स आहे, त्यालाच काउंटर वाचवतो. पहिला रेफरन्स मिळवताना ऑब्जेक्ट जिवंत आहे याची हमी काउंटर देत नाही, ती बाहेरून यावी लागते. कर्नलसोबत येणाऱ्या, केरेफ या तयार रेफरन्स काउंटरच्या माहितीपत्रात तीनच नियम आहेत आणि तिसरा नेमका यावर आहे. मी पहिले दोन वाचून पुढे गेलो होतो.

हमी कशी आणायची? सोपा रस्ता असा की लिस्टलाच तिचा स्वतःचा एक रेफरन्स द्यायचा. ऑब्जेक्ट लिस्टमधून काढायचा तो लॉकखाली, आणि लिस्टचा रेफरन्स त्यानंतरच सोडायचा. मग लॉक हातात असेपर्यंत लिस्टमध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाचा काउंट किमान 1 असतो. लॉक न सोडता काउंट वाढवला की तुम्ही सुरक्षित. पण काउंट शून्य झाल्यावर मग लिस्टमधून काढायची तुमची रचना असेल, तर शून्य काउंटवाला ऑब्जेक्टही लिस्टमध्ये दिसू शकतो. तिथे साधी वाढ चालत नाही, 'शून्य नसेल तरच वाढव' हाच प्रकार वापरावा लागतो, आणि नाही म्हणून उत्तर आलं तर ऑब्जेक्ट नव्हताच असं समजून परत फिरायचं. 2017 मध्ये लिनक्स 4.11 सोबत आलेला रेफकाउंट-टी हा काउंटरचा प्रकार शून्यावरून वाढ केली की लॉगमध्ये ओरडतो. ती वॉर्निंग दिसली तर बंद करायची वाट शोधू नका. तो तुमच्या बाजूनं बोलतोय.

दुसरा रस्ता आरसीयूचा (रीड-कॉपी-अपडेट), तो 2002 पासून लिनक्समध्ये आहे. त्यात वाचणारा लॉक घेत नाही, म्हणून मोकळं करणाऱ्यानं थांबायचं असतं: आधी लिस्टमधून काढायचं, मग जुने वाचणारे बाहेर पडू द्यायचे, मगच फ्री. वाचणारा आरसीयूच्या कक्षेबाहेरही (वाचन सुरू झालं आणि संपलं असं सांगणाऱ्या दोन ओळींच्या बाहेर) ऑब्जेक्ट वापरणार असेल तर कक्षेत असतानाच 'शून्य नसेल तर' रेफरन्स घ्यायचा. पेज कॅशमध्ये, म्हणजे फाइलींची पानं मेमरीत ठेवणाऱ्या भागात, हे फार सुंदर केलंय. फोलिओ (पानांचा गठ्ठा) शोधतात, रेफरन्स घ्यायचा प्रयत्न करतात आणि मग तो अजून त्याच जागी आहे का ते पुन्हा पाहतात. बदलला असेल तर सोडून पहिल्यापासून सुरुवात. तेवढा भाग वहीवर उतरवून काढा, चार क्लासचे पैसे वाचतील.

क्लासवरून सांगतो. शहरातल्या एका क्लासमधल्या मार्गदर्शकाला मी हा बग दाखवला तेव्हा त्यांनी तिथे एक डिले टाकायला लावला. क्रॅश थांबला, मीही खूश झालो. अडीच महिन्यांतला निम्मा काळ त्या खुशीत गेला. डिले फट बुजवत नाही, ती नजरेआड करतो. डिले टाकायचा तो बग पकडायला: शोधणं आणि धरणं यांच्यामध्ये मुद्दाम टाकून फट रुंद करा, म्हणजे बग रोज दिसेल. उत्तर हातात देणाऱ्यापेक्षा 'इथे दुसरा थ्रेड आला तर?' एवढंच विचारणारा माणूस शोधा.

अवघड वाटतंय ना? वाटू द्या. जुन्याजाणत्यांनाही हे सुटलेलं नाही. 2023 च्या जुलैत स्टॅकरॉट नावाचा लिनक्समधला असाच एक बग उघड झाला. लिनक्स 6.1 मध्ये व्हीएमए, म्हणजे प्रोसेसच्या मेमरीतल्या पट्ट्यांच्या नोंदी, ठेवायला मेपल ट्री ही झाडासारखी रचना आली होती, आणि स्टॅक वाढताना तिचा नोड बदलला जायचा तेव्हा हातात फक्त मेमरी मॅपचा रीड लॉक (अनेकांना एकाच वेळी धरता येणारा) असायचा. जुना नोड आरसीयूनं मोकळा व्हायचा. दुसरा थ्रेडही रीड लॉक धरून होता, पण आरसीयूच्या कक्षेत नव्हता, म्हणून त्याच्या हातातला नोड निघून जायचा. लॉक होता, पण मोकळं करणारा त्या लॉकची वाट पाहत नव्हता. हातात लॉक आहे का, एवढ्यावर थांबू नका. मोकळं करणारा कोणाची वाट पाहतोय, तेही विचारा.

टायमर (ठरल्या वेळी काम चालवणारा) आणि वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) यांचंही तसंच. ऑब्जेक्ट मोकळा करण्याआधी टायमर थांबवणारं 'सिंक' रूप वापरा, नाहीतर दुसऱ्या सीपीयूवर त्याचा कॉलबॅक चालूच असू शकतो.

यंत्राचं सांगतो. क्यूईएमयू, म्हणजे कर्नल चालवून पाहायचं आभासी यंत्र, काही न सांगता एकच सीपीयू देतो. मी दीड महिना एकाच सीपीयूवर रेस, म्हणजे दोन थ्रेडमधली अशी टक्कर, शोधत होतो. दोन तरी द्या, चार उत्तम. केसॅन, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलमधली सोय, चालू करून कर्नल बांधा. तो 2015 पासून, म्हणजे 4.0 पासून आहे. दर 8 बाइटमागे 1 बाइट नोंद ठेवतो, त्यामुळे मेमरी जास्त लागते, पण मोकळी जागा लगेच परत वापरू देत नाही आणि कोणी मागितली, कोणी सोडली, नंतर कोणी हात लावला हे तिन्ही स्टॅक छापतो. केसॅनशिवाय मोकळ्या जागेत अनेकदा जुनाच मजकूर पडून असतो आणि सगळं ठीक चाललंय असं दिसतं. आमच्याकडे थ्री फेज रात्रीची असली की बाबा ओलिताला जायचे आणि मी बिल्ड लावायचो. जुना लॅपटॉप असेल तर बिल्डला रात्र लागेल, लागू द्या.

आणि हातानं लिहा. वेचणीच्या बायांच्या कापसाचे किलो लिहायला आईची एक वही असायची. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी दोन रकाने पाडले, डावीकडे एक थ्रेड, उजवीकडे दुसरा. डावीकडची एकेक ओळ लिहायची आणि प्रत्येक ओळीखाली दुसऱ्या थ्रेडचं सगळं काम घुसवून पाहायचं. नवव्या पानावर फट सापडली. लॉक सोडायची ओळ एक ओळ खाली सरकवली, साध्या वाढीच्या जागी 'शून्य नसेल तरच वाढव' घातलं, डिले काढून टाकला आणि चार सीपीयूंवर रात्रभर चालवलं. सकाळी केसॅनचा एकही रिपोर्ट नव्हता.