गूढ पात्राचे रहस्य आधी कागदावर उतरवावे

पात्र गूढ वाटावे म्हणून लेखक त्याची माहिती दडवत जातो आणि शेवटी ते पात्र गूढ न वाटता नुसते पुसट राहते. हे टाळण्यासाठी पुढील पद्धत उपयोगी पडते.

१. पात्राचे रहस्य कथा सुरू करण्यापूर्वीच वेगळ्या कागदावर तीन-चार ओळींत पूर्ण लिहावे.

२. त्या रहस्यातून आलेली एकच सवय निवडून ती कारण न सांगता दाखवावी. समजा, जळगावहून चोपड्याला जाणाऱ्या एसटीत केळीच्या व्यापाऱ्याकडचा एक मुनीम रोज बसतो आणि तापीचा पूल आला की मे महिन्याच्या उन्हातही खिडकीची काच ओढून घेतो व पूल संपेपर्यंत पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहतो. त्याचा धाकटा भाऊ याच नदीत बुडाला होता, हे मात्र कागदावरच राहू द्यावे.

३. सवय दोनदा तशीच यावी आणि तिसऱ्यांदा मोडावी. त्या दिवशी काच उघडी राहते. माझ्या मते कथेचा खरा जीव इथेच असतो.

‘गूढ’, ‘विचित्र’ ही विशेषणे कटाक्षाने टाळावीत. कथा त्याच पात्राच्या तोंडून सांगितली जात असेल, तर ही युक्ती जपून वापरावी, कारण निवेदकाने स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट लपवली हे लक्षात येताच वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते.