चुनखडकातला तेलसाठा: आधी छिद्रं ओळखा, मग आकडे मांडा

वाळूखडकात सच्छिद्रता (खडकातल्या पोकळ जागेचं प्रमाण) वाढली की पारगम्यताही (द्रव वाहू देण्याची क्षमता) साधारणपणे वाढते. चुनखडक आणि डोलोमाइट यांच्यावर असा भरवसा ठेवता येत नाही. २५ टक्के सच्छिद्रतेचा खडूसारखा बारीक खडक १ मिलिडार्सीवर (पारगम्यतेचं एकक) अडकतो, तर १५ टक्क्यांचा स्वच्छ कणदार खडक १०० मिलिडार्सी देऊन जातो. साचल्यानंतरही हा खडक बदलत राहतो. तो विरघळतो, पुन्हा स्फटिक धरतो, त्याचा डोलोमाइट होतो, त्याला भेगा पडतात. त्यामुळे छिद्रं कसली आहेत हे ठरवल्याशिवाय सच्छिद्रतेच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

सुरुवात कोअरपासून, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलापासून करा. कापलेला पृष्ठभाग ओला करून १० पट भिंगाखाली बघा. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. चुनखडक लगेच जोरात फसफसतो. डोलोमाइट थंडपणे बसून राहतो आणि खरवडून पूड केली की मगच बुडबुडे दाखवतो. थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ काप) निळ्या इपॉक्सीने भरून घ्या म्हणजे छिद्रं निळी दिसतील. अर्ध्या भागाला अ‍ॅलिझारिन रेड एस हा रंग लावा: कॅल्साइट (चुनखडकाचं मुख्य खनिज) लाल होतो, डोलोमाइट रंग घेत नाही.

आता डनहॅमच्या १९६२ च्या वर्गीकरणानुसार नाव द्या. प्रश्न एवढाच की खडकाचा भार बारीक चुनखडी चिखलावर आहे की कणांवर. भार चिखलावर आणि कण १० टक्क्यांहून कमी असतील तर मडस्टोन, जास्त असतील तर वॅकस्टोन. कण एकमेकांना टेकलेले पण मध्ये चिखल असेल तर पॅकस्टोन, चिखल नसेल तर ग्रेनस्टोन. मात्र हे नाव खडक कसा साचला ते सांगतं, आज तेल कुठून वाहील ते नाही. ग्रेनस्टोनमधले गोल कण विरघळून गेले आणि मधलं सिमेंट शाबूत राहिलं, तर भरपूर सच्छिद्रता असूनही पारगम्यता नगण्य असते, कारण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्याच नसतात. म्हणून प्रत्येक नमुन्यापुढे तीनपैकी एक शेरा हवाच: कणांमधली छिद्रं, सुट्या पोकळ्या, की जोडलेल्या पोकळ्या आणि भेगा.

प्लग, म्हणजे कोअरमधून मोजणीसाठी कापलेला छोटा दंडगोल, काढताना हमखास चूक होते. चांगला, अखंड तुकडा बघून प्लग घेतला जातो आणि भेगाळलेला, पोकळ्यांचा भाग मोजणीतून गळतो. प्लग ठरावीक अंतरावर घ्या, उदाहरणार्थ दर ३० सेंटिमीटरला. जिथे पोकळ्याच दीड इंची प्लगशी बरोबरी करतात तिथे पूर्ण व्यासाचा कोअर मोजा. ओलेपणाच्या (खडकाला पाणी धरून असतं की तेल) चाचणीचे तुकडे आधीच वेगळे जपून ठेवा. टोल्युइन या द्रावकाने धुतल्यावर मूळ ओलेपणा टिकेल याची खात्री नसते, आणि कार्बोनेटमध्ये (चुनखडक, डोलोमाइट) खडक तेलाला धरून असण्याची शक्यता बरीच असते.

लॉगमध्ये, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून खोलीनुसार घेतलेल्या नोंदींत, आधी खनिज पक्कं करा. कॅल्साइटची घनता २.७१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, डोलोमाइटची २.८७, फोटोइलेक्ट्रिक मूल्य (खनिज गॅमा किरण किती शोषतं याचं माप) अनुक्रमे ५.०८ आणि ३.१४. पाण्याने भरलेल्या, १० टक्के सच्छिद्रतेच्या डोलोमाइटला २.७१ लावलं तर घनता लॉग जेमतेम दीड टक्का दाखवतो, म्हणजे चांगला थर हातचा जातो. ड्रिलिंग मडमध्ये (खोदताना विहिरीत फिरवला जाणारा द्रव) बॅराइट हे जड खनिज असेल तर फोटोइलेक्ट्रिक वक्रावर विसंबू नका. गॅमा (खडकाची नैसर्गिक किरणोत्सारिता) वाढला म्हणून लगेच शेल (चिकणमातीचा खडक) ठरवू नका. वाढ युरेनियममुळेही असू शकते, म्हणून स्पेक्ट्रल गॅमात युरेनियम वेगळं काढून बघा. सोनिक (ध्वनी) लॉगची सच्छिद्रता घनता-न्यूट्रॉन लॉगपेक्षा कमी आली तर सुट्या पोकळ्यांचा संशय घ्या, कारण ध्वनी त्यांना वळसा घालून घन भागातून जातो.

विद्युत रोधावरून छिद्रांतल्या पाण्याचं प्रमाण काढणाऱ्या आर्चीच्या सूत्रात सगळ्यात महागात पडते ती सच्छिद्रतेवरची एम ही घात-संख्या. समजा सच्छिद्रता १५ टक्के, थराचा रोध २० ओहम-मीटर, पाण्याचा ०.०३, आणि एन (पाण्याच्या प्रमाणावरचा घात) २. एम २ धरला तर पाणी २६ टक्के येतं, थर तेलाचा ठरतो. पण सुट्या पोकळ्यांमुळे एम ३ असेल तर तेच पाणी ६७ टक्के होतं. भेगाळलेल्या खडकात एम २ च्या खाली उतरतो, तिथे उलटी चूक होते. सगळ्या विहिरीला एकच एम लावण्याऐवजी छिद्रप्रकारानुसार कोअरवर मोजलेला लावा. खडक तेलओला असेल तर एनसुद्धा २ च्या बराच वर जातो, तोही मोजूनच घ्या.

खडकांचे गट पाडायला विनलँडचं सूत्र सोपं आहे (आर-३५ म्हणजे ३५ टक्के छिद्रं पाऱ्याने भरताना मिळणारी, छिद्रांना जोडणाऱ्या अरुंद घशांची त्रिज्या; इथे लॉग म्हणजे १० पायाचा लॉगरिदम): आर-३५ चा लॉग = ०.७३२ + ०.५८८ × लॉग पारगम्यता − ०.८६४ × लॉग सच्छिद्रता. पारगम्यता मिलिडार्सीत, सच्छिद्रता टक्क्यांत, उत्तर मायक्रॉनमध्ये. सुरुवातीच्या दोन खडकांची उत्तरं अंदाजे ०.३३ आणि ७.८ येतात, हे दोन स्वतंत्र गट. सूत्र कणांमधल्या छिद्रांसाठी चालतं. पोकळ्यांच्या किंवा भेगांच्या नमुन्यांना लावू नका. प्रत्येक गटातले निवडक नमुने पारा-चाचणीत (छिद्रांत दाबाने पारा घुसवून) घालून घशांची रुंदी पडताळा.

शेवटी विहीर-चाचणीची (विहिरीतला प्रवाह आणि दाब मोजून केलेली) पारगम्यता × जाडी कोअरच्या गुणाकाराशी ताडून बघा. चाचणीचा आकडा कित्येक पट मोठा निघाला तर भेगा किंवा जोडलेल्या पोकळ्या वाहतायत. इमेज लॉगवर (विहिरीच्या भिंतीचं चित्र) त्या शोधा, ड्रिलिंग करताना मड किती खोलीवर गळालं त्याच्याशी जुळवा, आणि मॉडेलमध्ये खडक आणि भेगा अशी दुहेरी सच्छिद्रता घाला. चाचणीचा आकडा लहान निघाला तर आधी विहिरीलगतचा अडथळा आणि चाचणीचा कालावधी तपासा, मगच कोअरच्या आकड्यांना हात लावा.