गावकीचा ठराव लिहिण्याआधी काय तपासावं

शिमगा जवळ आला की कोकणात वाडीवाडीत बैठका बसतात. पालखी कुठल्या वाटेने न्यायची, घरटी वर्गणी किती, मान कुणाचा, हे सगळं गाव बसून ठरवतं. थेट लोकशाही म्हणतात ती हीच. आणि याच बैठकीत कधीकधी एखादं घर एकमताने वाळीत पडतं.

आधी बैठक कोणती ते ओळखा. गावकी, म्हणजे गावाने रूढीने भरवलेली बैठक, ही ग्रामसभा नव्हे. ग्रामसभा 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याखाली भरते. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी आकडा. म्हणजे 600 मतदारांच्या गावात 90 जण, 2000 च्या गावात 100. मतदारयादीत नाव नसलेला चाकरमानी, मग तो गावाच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष का असेना, तिथे पाहुणाच. गावकीला असे नियम नाहीत, तसाच कुणाला दंड ठोकायचा अधिकारही नाही.

मग विषय वेगळे काढा. साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आधी की स्मशानशेड, नळाला पाणी किती वाजता सोडायचं, यावर खुशाल हात वर करा. पण विषयात एखाद्या घराचं नाव आलं की थांबा. त्यांच्याकडे जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, दुकानदाराने माल द्यायचा नाही, पालखी त्यांच्या अंगणात थांबणार नाही: यातलं काहीच मताला टाकता येत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चिथावणारा आणि मदत करणाराही त्यात येतो. दंडाला ‘देवाची देणगी’ म्हटलं किंवा ठराव तोंडीच ठेवला, म्हणून सुटका नाही.

‘पण सगळा गाव म्हणतोय ना!’ हे ऐकायला मिळतंच. त्यावर महाडचा दाखला द्या. चवदार तळं सर्वांना खुलं करणारा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्ये केला. 20 मार्च 1927 च्या सत्याग्रहानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो तिनेच मागे घेतला. हायकोर्टाने पाण्याचा हक्क मान्य करेपर्यंत 1937 उजाडलं. एका मताने दिलेलं पाणी दुसऱ्या मताने काढून घेतलं. म्हणूनच आज सार्वजनिक विहिरी-तळ्यांचा वापर संविधानाच्या कलम 15 मध्ये आहे, ठरावाच्या वहीत नाही. असं आपल्याकडेच होतं असंही नाही. स्वित्झर्लंडच्या आपेनझेल इनररोडन प्रांतात चौकात जमून हात वर करणाऱ्या पुरुषांनी एप्रिल 1990 मध्येही बायकांना मत नाकारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ते द्यायला लावलं.

हात वर करण्यातच एक खोट आहे. तीस घरांच्या वाडीत मानकऱ्यासमोर हात खाली ठेवायला छाती लागते. नाजूक विषयाला चिठ्ठ्या वापरा. दारूचं दुकान बंद करायचं की नाही यासाठीचं ‘उभी-आडवी बाटली’चं मतदानही गुप्तच असतं.

ठराव होऊन गेला असेल तर पुरावा आधी सांभाळा. ग्रामसभेचा असेल तर इतिवृत्ताची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) मागा. दिली नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. गावकीचा असेल तर तारीख, जागा, हजर माणसं त्याच रात्री लिहून काढा आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप, व्हॉइस नोट पुसू नका. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे तक्रार थेट पोलीस ठाण्यात. तिथे टोलवाटोलवी झाली तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ठराव ग्रामपंचायतीचाच असेल तर त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात.

बहुतेक प्रकरणं पुढे समेटावर येतात आणि तिथेच फसतात. कागदावर ‘वाद मिटला’ एवढंच येतं, दुकानदार मात्र अजून माल देत नाही. समेटात पालखी, नळ, दुकान, स्मशान एकेक नाव घेऊन लिहा, प्रत्येकापुढे तारीख टाका, बैठकीतल्या मानकऱ्यांच्या सह्या घ्या. खटला उभा राहिला असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तो मिटत नाही.