गिटारच्या टॅबमध्ये पाव स्वर कसा लिहावा?

पाच रेघांच्या स्टाफवर स्वराची उंची लिहिलेली असते. टॅबमध्ये मात्र कोणत्या तारेवर कितव्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीला) बोट ठेवायचे एवढेच असते. स्टाफवरून टॅब काढताना सॉफ्टवेअर साधी वजाबाकी करते: हव्या त्या स्वरातून मोकळ्या तारेचा स्वर वजा करून जितके अर्धस्वर उरतील, तो फ्रेटचा आकडा. ‘बी’च्या तारेवर ‘सी’ हवा असेल तर उत्तर १ येते. त्याच ‘सी’पेक्षा पाव स्वर, म्हणजे ५० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), चढा सूर मागितला की उत्तर दीड येते, आणि दीडावा फ्रेट नेहमीच्या गिटारला नसतोच. (पाव स्वर हा सप्तकाच्या २४ समान भागांपैकी एक, आपल्या २२ श्रुतींशी त्याची गल्लत करू नये.)

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी तो सूर हाताने कसा काढायचा आहे, हे ठरवावे.

गिटारला पाव स्वरांचे जादा फ्रेट बसवलेले असतील, तर आकडा १½ असाच छापणे योग्य. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर हा फ्रेट नटापासून (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) सुमारे ५४ मिलिमीटरवर येतो. लिलीपाँड या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या २.२४ आवृत्तीत याची सोय आहे, पण ती आपणहून चालू नसते. त्यासाठी ‘स्कोअर’ या संदर्भात ‘सपोर्ट नॉन इंटीजर फ्रेट’ हा गुणधर्म (फाइलमध्ये रोमन लिपीत, सलग) चालू करावा आणि मूळ डच नावे वापरत असल्यास स्वराच्या अक्षराला ‘आय-एच’ हा प्रत्यय लावावा. म्यूजस्कोर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाव स्वराचे चिन्ह स्टाफवर उमटते, पण टॅबवरचा आकडा १ च राहतो. तिथे ½ वेगळा मजकूर म्हणून जोडावा लागतो, जे फारसे सुबक दिसत नाही.

साध्या गिटारवर तार खेचून सूर काढायचा असेल, तर आकडा १ ठेवून बेंडच्या (तार खेचण्याच्या खुणेच्या) बाणावर ¼ लिहावे. इथे भलेभले चुकतात. बेंडवरचे अपूर्णांक पूर्ण स्वराच्या हिशेबाने असतात, तर फ्रेटचे आकडे अर्धस्वराच्या. त्यामुळे बाणावरचा ½ म्हणजे अख्खा अर्धस्वर, आणि १½ मधला ½ म्हणजे फक्त पाव स्वर. दोन्ही खुणा एकाच पानावर येणार असतील, तर त्यांचा अर्थ पानाच्या माथ्यावर एका ओळीत सांगावा.

तिसरा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो: एखादी तारच पाव स्वर चढी लावावी. लिलीपाँडला तारांची जुळणी सांगताना ‘बी’ऐवजी पाव स्वर चढा ‘बी’ दिला, की वरच्या उदाहरणातली वजाबाकी बिनचूक १ येते आणि त्या तारेवरचे सगळे पाव स्वर पूर्णांकात छापले जातात. अडचण एवढीच, की त्या तारेवर साधे स्वर मिळत नाहीत.

शेवटी संगणकावर ऐकून पाहताना मिडीची (वाद्यांना सूर वाजवण्याच्या सूचना देणाऱ्या पद्धतीची) एक मर्यादा ध्यानात ठेवावी. मिडीत पाव स्वर बहुधा पिच बेंडने, म्हणजे सूर चढवण्या-उतरवण्याच्या सूचनेने, वाजवला जातो, आणि ती सूचना पूर्ण चॅनेलला (सूचनांच्या एका मार्गाला) लागू होते. त्यामुळे कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला) एकच सूर पाव स्वर चढा असला, तरी त्याच चॅनेलवरचे बाकीचे सूरही चढतात. अशा वेळी टॅबमध्ये चूक शोधत न बसता तो सूर वेगळ्या चॅनेलवर टाकावा.