मागच्या बाकावर वही घेऊन

परळच्या आमच्या मुलींच्या शाळेत कृतिसंशोधनाचं, म्हणजे शिक्षिकेने आपल्याच वर्गातली अडचण शोधून त्यावर उपाय करून बघण्याचं, काम माझ्याकडे आलं, तेव्हा बहुतेक शिक्षिकांना आठवला तो बी.एड.चा प्रकल्प. समस्या, उद्दिष्टं, निष्कर्ष आणि वर प्लास्टिकचं कव्हर. पहिल्या वर्षी मीही प्रत्येकीकडून अहवालच मागितला. एप्रिलमध्ये फायली आल्या, कपाटात गेल्या, आणि शिकवण्यात काडीचाही फरक पडला नाही. ती चूक माझी होती.

दुसऱ्या वर्षी फायली बंद केल्या. एवढंच विचारलं, तुमच्या वर्गात रोज खटकतं असं काय आहे?

गणिताच्या बाई म्हणाल्या, "सातवी ब मध्ये पाच-सहाजणीच बोलतात. इथे तर मुलगेही नाहीत, मग बाकीच्या कशाला घाबरतात?"

कारणं नंतर शोधू, आधी मोजू, असं ठरलं. मी मागच्या बाकावर बसले. वहीत बाकांचा नकाशा काढला. जी एकटी उत्तर देईल तिच्या चौकोनात ताळ्याची खूण. सामुदायिक "हो बाई" धरायचं नाही. तीन तासिकांनंतर ४८ पैकी ३१ चौकोन कोरे होते. शिवाय प्रश्न विचारल्यावर बाई एक सेकंदही थांबत नव्हत्या, लगेच पुढचं नाव घेत होत्या. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत नेमकं हेच टिपलं होतं. शिक्षक तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात.

बाई त्या कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवत राहिल्या. एका नावावर थांबून म्हणाल्या, "हिचा आवाज कसा आहे, तेच मला आठवत नाही."

त्या थांबायला लागल्या. पण मुली खाली बघत. मग बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच गोष्ट होती: चुकलं की सगळ्या वळून बघतात. मुलगे नसले तरी बघणाऱ्या मैत्रिणी होत्याच. बाईंनी पाट्या आणल्या. उत्तर आधी पाटीवर लिहायचं, शेजारणीला दाखवायचं, मग बोलायचं. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर कोरे चौकोन ११. थांबण्याने फरक पडला की पाटीने, हे मात्र सांगता येत नाही, कारण दोन्ही बदल एकाच वेळी चालू होते. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदला.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन: निरीक्षणाच्या वहीत विशेषण लिहू नका. "वर्ग निरस" असं वाचलं की शिक्षिका मिटते. "१४ प्रश्न, त्यातले ११ पहिल्या दोन रांगांना" असं वाचलं की ती स्वतःच विचार करू लागते. वही तिच्याच हातात द्या, मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, नाही. एकदा जरी ती वही शिक्षिकेच्या कामाच्या गोपनीय अहवालाशी जोडली गेली, तरी पुढच्या वर्षी कुणी खरा प्रश्न सांगणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

वेळेचं दुखणं खरंच आहे. दोन सत्रांची शाळा, त्यात मोकळा ऑफ तास गैरहजर शिक्षिकेच्या बदली तासिकेत जातो, आणि कल्याण-विरारच्या बायकांना सुटल्यावर थांबवणं अन्यायाचं. मोठ्या बाईंनी प्रत्येकीचा आठवड्यातला एक ऑफ तास बदलीतून मोकळा ठेवला, म्हणून आमचं जमलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. ते सगळे व्याख्यानं ऐकण्यात घालवू नयेत, काही तास एकमेकींच्या वर्गात जावेत.

यंदा गणिताच्या बाई मंगळवारी चौथ्या तासाला विज्ञानाच्या वर्गात मागे बसतात. नकाशा त्या स्वतः काढतात. पट्टी लावून, प्रत्येक चौकोनात आधी मुलीचं नाव लिहून.